काळीज नेमकं कुठे असतं?

खलबत्ता

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. सोबत चिरंजीव, इयत्ता सातवी. माझ्या पुढच्या काकांनी अर्धा किलो मटण आणि वर 'पावशेर कलेजी' सांगितली. दुकानदाराने हुकाला लटकलेली तांबूस-काळी, ओली चकाकणारी कलेजी काढून ठोकळ्यावर टाकली. चिरंजीव टक लावून बघत होते.

"बाबा, कलेजी म्हणजे लिव्हर ना?"

"हो."

"आणि कलेजी म्हणजेच काळीज?"

"हो... बहुतेक."

"मग मगरीने फसवलं तेव्हा ते माकड लिव्हर झाडावर विसरलं होतं?"

रांगेतले चार जण हसले. मी सुट्टे पैसे शोधू लागलो.

घरी आल्यावर प्रकरण पेटलं. आई म्हणाली, काळीज म्हणजे हृदय, यात विचारायचं काय? काळजाचा ठोका चुकतो, लिव्हरचा ठोका चुकलेला कुणी ऐकलाय? बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिचं म्हणणं, शब्द सरळ सरळ कलेजीचा भाऊ आहे, म्हणजे यकृत. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मटण धुवायला घेतलं.

पैज अशी लागली आहे की, हरेल तिने पुढच्या रविवारी पाट्यावर वाटण वाटायचं, मिक्सर चालणार नाही. तेव्हा मंडळी, निकाल द्या. काळीज म्हणजे हृदय की यकृत? तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा.

निवांतराव

वाटण कुणीही वाटलं तरी जेवायला तुम्हीच बसणार. खरी पैज तुम्ही जिंकलेली आहे.

रंकाळ्याची_मिसळ

आमच्याकडं काळीज म्हणजे काळीजच, म्हणजे तुमची कलेजी. जत्रेला बकरं पडलं की पयल्यांदा काळीज-गुर्दं बाजूला काढून चुलीवर टाकत्यात, मीठ-हळद लावून. रस्सा व्हईस्तोवर पोरांनी दम धरावा म्हणून. हृदयाला खाटीक 'दिल' म्हणतोय. चावायला चिवट असतंय ते, काळजासारखं मऊ लागत न्हाई. दोन्ही खाल्लंय, त्यामुळं माझं मत पक्कं आहे. वहिनींना मत.

सोनचाफा

+१ आजींना. कवितेत, नाटकात, बोलण्यात, कुठेही घ्या. काळजात चर्र होतं, काळजाला घरं पडतात, काळजावर दगड ठेवावा लागतो. हे सगळं छातीवर हात ठेवून म्हणतात. उजव्या बरगडीखाली हात ठेवून "काळजात कळ आली" म्हणणारी नायिका मला दाखवा.

मडगांवकार

आमच्या कोंकणीत काळीज म्हणजे स्वच्छ हृदयच. चर्चमध्ये येशूचं पवित्र हृदय असतं ना, ज्वाळा आणि काट्यांचा वेढा असलेलं, त्याला 'जेजूचें काळीज' म्हणतात. कलेजी घातलेलं सोरपोतेल त्याच घरात त्याच दिवशी शिजतं, पण तिथे कुणाच्या मनात घोटाळा होत नाही.

व्युत्पत्तीवेडा

दोघीही बरोबर आहेत, आणि ही पळवाट नाही.

संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. त्यावरून हिंदीत कलेजा, मराठीत काळीज. म्हणजे जन्माने काळीज यकृतच, सूनबाई बरोबर. पण शब्द जन्मगावी राहत नाहीत. धैर्य, माया, दुःख यांचं घर म्हणजे यकृत असं मानणारा काळ होऊन गेला. पुढे ते घर हृदयात हललं, आणि शब्दही सामानासकट तिकडे गेला. मटणाच्या दुकानात मात्र भावनांचा संबंध नसल्याने तिथे जुना पत्ता शिल्लक राहिला.

फारसीतही हेच. 'जिगर' म्हणजे यकृत. आपण जिगरबाज म्हणतो, जिगरी दोस्त म्हणतो, तेव्हा शब्दशः यकृताचंच कौतुक चाललेलं असतं.

आता गंमत बघा. खुद्द 'हृदय' या शब्दाचं मराठीत काय झालं? प्राकृतातून झिजत झिजत तो 'हिय्या' झाला. हिय्या करून बोललो, म्हणतो ना? तो हिय्या म्हणजे हृदय. पण हिय्या दुखतो असं कुणी म्हणत नाही. हृदयाच्या स्वतःच्या शब्दाकडे फक्त धाडस उरलं, आणि धडधड गेली यकृताच्या शब्दाकडे. अवयवांची अदलाबदल भाषेने शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे.

अवांतर: 'काळजी' हा शब्दही काळजावरूनच.

निवांतराव

म्हणजे "काळजी घ्या" म्हणजे लिव्हर जपा. आमचे डॉक्टर दर तपासणीला हेच सांगतात, मला वाटायचं निरोप देतायत.

जकार्ताची_जाई

व्युत्पत्तीवेडा, अगदी हेच इथे आहे! मी गेली नऊ वर्षं इंडोनेशियात. इथल्या भाषेत 'हाती' म्हणजे यकृत. पण मनाला लागलं तर 'साकित हाती', म्हणजे यकृत दुखलं. आणि रस्त्याचं काम चालू असलं की पाटी असते 'हाती-हाती', म्हणजे जपून, काळजी घ्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं हत्ती येतात की काय रस्त्यावर.

छातीत धडधडणाऱ्या हृदयाला वेगळा शब्द आहे, 'जांतुंग'. तो डॉक्टरकडे वापरायचा, प्रेमात नाही. आणि खरोखर यकृताचा आजार झाला तर? 'हाती' म्हटलं की प्रेमभंग वाटेल, म्हणून लोक सरळ 'साकित लिव्हर' म्हणतात. इंग्रजी शब्द उसना आणून घोटाळा मिटवला. आपण नाही का, काळजाचं ऑपरेशन न म्हणता लिव्हरचं म्हणतो?

ओपीडीतून

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, बावीस वर्षं झाली. काळीज कुठे असतं या प्रश्नाचं उत्तर मला रोज द्यावं लागतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पत्ता. हृदय डावीकडे असतं हा अर्धा गैरसमज आहे. ते छातीच्या मधोमध, जरा डावीकडे कललेलं असतं. मूठभर आकार, पाव किलोच्या आसपास किंवा थोडं वर. यकृत उजव्या बरगड्यांखाली, पण त्याचं टोक मध्यरेषा ओलांडून डावीकडे जातं. वजन साधारण दीड किलो. दोघांच्या मध्ये फक्त श्वासपटलाचा पातळ पडदा. म्हणजे हृदय जवळजवळ यकृताच्या माथ्यावर बसलेलं आहे. आजी आणि सूनबाई एकाच चाळीतल्या दोन मजल्यांबद्दल भांडतायत.

पेशंट काय म्हणतात ते ऐका. "काळजात दुखतंय" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या खळगीवर हात ठेवतो. तिथे जठर असू शकतं, पित्ताशय असू शकतं, आणि हृदयही असू शकतं. हृदयाची कळ खांद्यात, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, पोटात कुठेही उमटते, कारण त्या सगळ्यांचे निरोप मणक्यात साधारण एकाच पातळीवर पोचतात आणि मेंदूला पत्ता नीट कळत नाही. म्हणून मी शब्दांवर विसंबत नाही, हात बघते. "कुठे दुखतं?" विचारल्यावर एका बोटाने नेमकी जागा दाखवली, तर बरेचदा ते स्नायूचं, बरगडीचं निघतं. उसण भरलेली असते. पण अख्खी मूठ आवळून छातीवर ठेवली आणि "इथं आवळल्यासारखं होतंय" म्हटलं की मी पुढचं बोलणं थांबवून आधी ईसीजी काढायला लावते. हा काही शंभर टक्क्यांचा नियम नव्हे. बाईमाणसांत आणि मधुमेह असलेल्यांत नुसता घाम, दम लागणं, मळमळ एवढंच असू शकतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतो तो 'काळीज' नाही, 'पित्त' फसवतो. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. चक्कर आली, पित्त. आणि पहाटे चारला छातीत जळजळ होऊन घाम फुटला तरी पित्तच, मग सोडा, लिंबू, जिरं, आलं आणि सकाळी सातपर्यंत वाट बघणं. ते तीन तास कधीकधी परत मिळत नाहीत. हे एवढं वाचून कुणी पहाटे चारला सोड्याऐवजी गाडी काढली तरी हा धागा वसूल झाला.

सोनचाफा

डॉक्टर, "जीव घाबरा झालाय" म्हटलं की तुम्ही काय समजता? माझी मामी कायम हेच सांगते. मुंबईत वाढलेल्या तरुण डॉक्टरने तिला सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हणून लिहून दिलं होतं.

ओपीडीतून

जीव घाबरा म्हणजे धडधड असू शकते, रक्तातली साखर उतरलेली असू शकते, दम असू शकतो, घरातलं भांडणही असू शकतं. आधी नाडी बघायची, साखर बघायची, मग घरची चौकशी. आम्ही शरीर इंग्रजीतून शिकतो, पेशंट ते मराठीतून जगतो. पहिल्या वर्षी मला एक आजी म्हणाल्या, "बाई, माझं अंग बाहेर येतं." मी ताप बघितला. जवळच्या सिस्टरने कानात सांगितलं की, गर्भाशय खाली सरकलंय. 'अंग' म्हणजे काय ते मला पुस्तकाने शिकवलं नव्हतं. "अंगावरून जातंय" म्हणजे काय, "कावळा शिवलाय" म्हणजे काय, हेही नव्हतं. बायकांच्या शरीराला आपल्या बोलीत नाव घेऊन हाक मारायची पद्धतच नाही, सगळं 'अंग', 'अडचण' आणि 'त्रास'. त्यामुळे दुखणं सांगायला उशीर होतो, हा माझा अनुभव.

रंकाळ्याची_मिसळ

डॉक्टरबाई, आमच्यात पायात गोळा आला की 'वांब आला' म्हणत्यात. पुण्यात सांगितलं तर लोक माशाचा विचार करतात.

शास्त्रीबुवा_६२

चर्चा रंजक आहे, पण एक नोंदवावंसं वाटतं. हे सगळं आपल्या ग्रंथांत आलेलं आहे. हृदय हे चेतनेचं स्थान, आणि रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत व प्लीहा, असं आयुर्वेद स्पष्ट सांगतो. म्हणजे आपल्याकडे गोंधळ नव्हताच. गोंधळ नंतर झाला.

तर्कटी

आलेच! शास्त्रीबुवा, 'सगळं होतं' म्हणताना हाडंही मोजा. चरक ३६० सांगतो, सुश्रुत ३००. शाळेच्या पुस्तकात २०६. उरलेली हाडं कुठे गेली?

शास्त्रीबुवा_६२

कुठेही गेली नाहीत. चरकाने दात आणि नखंही मोजली आहेत. सुश्रुताने दात आणि कूर्चा, म्हणजे ज्यांना 'तरुणास्थी' म्हणतात, ती धरली आहेत. आणि तो स्वतःच लिहितो की, वेद मानणारे ३६० म्हणतात, पण शल्यतंत्रात ३०० च. मोजायची रीत वेगळी, म्हणून आकडा वेगळा. नवजात बाळाची हाडं मोजलीत तर तुमचं आधुनिक शास्त्रही २०६ च्या बरंच पुढे जातं, कारण ती नंतर जुळतात.

शिवाय सुश्रुताने नुसतं ध्यान लावून लिहिलेलं नाही. विषाने न मेलेला, फार दिवस आजारी नसलेला देह घ्यावा, गवताने गुंडाळून पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवावा, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असं सांगितलं आहे.

तर्कटी

हे मात्र मान्य. हात घालून बघा म्हणणारा माणूस मला कधीही चालेल. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही, त्याच्यानंतर हात घालणं बंद करून नुसते श्लोक पाठ करणाऱ्यांबद्दल आहे. शव शिवायचं नाही असं ठरलं आणि पुढची शतकं घोकंपट्टीत गेली. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी प्रेताला सुरी लावली तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. आणि गंमत म्हणजे गुप्ता स्वतः वैद्य घराण्यातले, संस्कृत जाणणारे.

युरोपही काही शहाणा नव्हता हं. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन सांगून गेला की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं. ते चौदाशे वर्षं लोकांनी मुकाट मानलं. १६२८ मध्ये हार्वे या इंग्रज डॉक्टरने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला एवढं रक्त, तासाला ठोके एवढे, मग तासाभरात माणसाच्या वजनाहून जास्त रक्त यकृताने आणायचं कुठून? म्हणजे तेच रक्त फिरत असणार. त्या दिवशी हृदय पंप झालं आणि यकृताची खुर्ची गेली.

ओपीडीतून

एक सुधारणा. गॅलेन आणि आयुर्वेद अगदीच हवेत बोलत नव्हते. पोटातल्या बाळाचं रक्त बरेच महिने प्रामुख्याने यकृतातच तयार होतं. जन्माच्या सुमारास ते काम हाडांतल्या मगजाकडे जातं.

तर्कटी

बरं. शास्त्रीबुवा, अर्धा गुण तुम्हाला.

उलटा_काळजाचा

आयडी बघून माझ्याबद्दल मत बनवू नका. तो माझा वैद्यकीय अहवाल आहे.

माझं हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे आहे. आरशात बघितल्यासारखं सगळं उलटं. दहा हजारांत साधारण एखादा असतो म्हणे. मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. नोकरीच्या मेडिकलला ईसीजी काढणाऱ्या माणसाने वायरी तीनदा काढून लावल्या, मशीन थोपटलं, मग साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी स्टेथो डावीकडे ठेवला, मग उजवीकडे ठेवला आणि आनंदाने ओरडले, "अरे, हे बघा!" दहा मिनिटांत अख्खा विभाग माझ्या उघड्या छातीभोवती जमला. नोकरी लागली, पण ऑफिसात नाव पडलं ते आजतागायत.

त्रास काही नाही. फक्त अपेंडिक्स डावीकडे असल्याने एकदा पोट दुखलं तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावं लागलं. लग्नाच्या वेळी सासऱ्यांना सांगितलं की, मी उलट्या काळजाचा आहे. त्यांना वाटलं जावई प्रामाणिक आहे.

निवांतराव

आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागा इथे संपवायला हरकत नाही.

जुना_परळकर

संपवू नका, मला एक जोडायचं आहे.

परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये माणसाच्या हृदयाचं रोपण केलं होतं. केपटाऊनला बर्नार्डने पहिलं केलं ३ डिसेंबर १९६७ ला, म्हणजे त्यानंतर अडीच महिन्यांत. जगातल्या अगदी सुरुवातीच्या रोपणांपैकी एक, आणि ते लालबागपासून हाकेच्या अंतरावर. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा इथे मेंदूमृत्यूचा कायदाच नव्हता. अवयव रोपणाचा कायदा झाला १९९४ मध्ये, आणि त्याच साली ऑगस्टमध्ये दिल्लीला एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं.

माणूस गेला हे ठरवायचं कशावरून? माझ्या लहानपणी चाळीत नाकाशी सूत धरायचे, छातीला कान लावायचे. आता कायदा म्हणतो, मेंदूचं खोड मेलं की माणूस मेला, हृदय चालू असलं तरी. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी हे समजून घ्यायला मला दीड दिवस लागला. छाती वरखाली होत होती, हात गरम होता, आणि डॉक्टर म्हणत होते की ते गेले आहेत. दोन वेळा सहा तासांच्या अंतराने तपासण्या केल्या. वहिनीने सही केली, मी नव्हे. मला तेवढा हिय्या झाला नाही. (व्युत्पत्तीवेडा, शब्द तुमच्यामुळे आठवला.)

सोनचाफा

परळकर काका, काय लिहू कळत नाही.

चिऊची_आई

बरेच दिवस वाचनमात्र होते. पण या धाग्यावर माझा थोडा हक्क आहे, कारण माझ्या काळजाचा तुकडा खरोखर काढलेला आहे.

माझी मुलगी दीड महिन्याची होती तेव्हा तिची कावीळ जात नव्हती. सगळ्यांनी सांगितलं, कोवळ्या उन्हात धरा. धरलं. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तिची शी पांढरट, पोतेऱ्याच्या मातीसारखी होती. मला वाटायचं माझ्या दुधात काही कमी आहे. ते कारण नव्हतं. यकृतातून पित्त बाहेर आणणाऱ्या नळ्याच बंद होत्या. दोन महिन्यांच्या आत एक ऑपरेशन केलं तर त्याचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते. आम्हाला कळेपर्यंत ती तीन महिन्यांची झाली होती. तान्ह्या बाळाची शी पांढरी दिसली तर उन्हात धरत बसू नका, एवढं इथे लिहून ठेवते.

नऊ महिन्यांची असताना रोपण झालं. माझा रक्तगट जुळला. सर्जननी कागदावर पेनने माझं यकृत काढून दाखवलं. मला ते सुपासारखं दिसलं, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळतं. मी हसले, कारण माझी आजी मोठ्या मनाच्या माणसाला 'सुपाएवढ्या काळजाचा' म्हणायची. डॉक्टरांनी त्या निमुळत्या टोकाला रेघ मारली, "एवढं घेऊ, पाव हिस्सा." बाळाला पुरतं. उरलेलं माझं मला पुन्हा भरून येणार, आणि तिचं तिच्यासोबत वाढणार. अख्ख्या शरीरात असं भरून येणारं दुसरं काही नाही म्हणाले. हृदयाचा तुकडा देता आला नसता, सोनचाफा. मराठीने बरोबर अवयव निवडलाय.

मी शुद्धीवर आले तेव्हा नवऱ्याने पहिलं वाक्य सांगितलं, "पित्त सुटलं." टेबलावरच नवीन तुकड्यातून सोनेरी पित्त वाहायला लागलं होतं, म्हणजे तो चालू झाला. पित्त या शब्दावर एवढं रडलेली मी एकटीच असेन. चार दिवसांनी नर्सने काचेतून डायपर दाखवला. पिवळी शी. वॉर्डातल्या तिन्ही आयांनी टाळ्या वाजवल्या.

आता बरगडीखाली आडवा वण आहे, पावसाळ्यात खाजतो. सासूबाई अजूनही सगळ्यांना सांगतात, हिने काळीज काढून दिलं. आधी मी दुरुस्त करायचे की, यकृत हो, आई. आता करत नाही.

खलबत्ता

ऑफिसच्या जागेवर बसून वाचलं, शेजारच्याने विचारलं काय झालं. संध्याकाळी घरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

पोटोबा

गंभीर झालंय वातावरण, पण माझा मुद्दा राहिलाच. तुम्ही हृदय-यकृत करत बसलात आणि मराठी माणसाचा खरा अवयव विसरलात. पोट! गुपित पोटात ठेवतो, चूक पोटात घालतो, भीतीचा गोळा पोटात येतो, पोटात कालवतं, आतडं तुटतं, आतड्याची माणसं असतात, पोटचा गोळा असतो. आतड्यांच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत म्हणे. त्या रिकाम्या बसत असतील का? आणि माया बेंबीपासून येते, कारण ओरडतो तेही बेंबीच्या देठापासून.

तर्कटी

पाठ राहिली. धाकटी बहीण 'पाठची' का? आईच्या पोटात असताना ती काही पाठीवर नव्हती.

व्युत्पत्तीवेडा

पाठोपाठ आलेली म्हणून पाठची. अवयव मूळचा, पण अर्थ 'नंतर'. नवा धागा काढा, इथे नको.

खलबत्ता

निकाल सांगतो.

काल रात्री जेवणं झाल्यावर अख्खा धागा वाचून दाखवला. आईने माकडाचा विषय परत काढला. तिचं म्हणणं, ज्या वस्तूशिवाय जगता येत नाही ती झाडावर ठेवलीय म्हटल्यावर मगर फसली, म्हणजे मगरीला शरीरशास्त्र येत नव्हतं, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ. चिरंजीव म्हणाले, यकृत असतं तर माकड थोडं कापून देऊ शकलं असतं आणि भांडण मिटलं असतं. म्हणजे ते हृदयच असणार. बायको म्हणाली, वर्गात हे उत्तर आलं तर मी गुण देईन.

चिऊच्या आईचा प्रतिसाद वाचताना आई काही बोलली नाही. मग उठून पाटा-वरवंटा धुऊन ठेवला, म्हणाली, रविवारी मी वाटते. बायको म्हणाली, नाही, मीच. आता दोघी हरल्याचा दावा करतायत आणि नवीन भांडण सुरू आहे.

आईने एक निरोप दिलाय. चिऊच्या आईंना विचार, पोरगी आता केवढी झाली, जेवते का नीट?

चिऊची_आई

पाच पूर्ण झाली. गोळ्या आयुष्यभर आहेत, सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. दर काही महिन्यांनी रक्त तपासतात, तेव्हा हात स्वतःच पुढे करते. जेवणाचं विचाराल तर वरण-भात आणि फक्त वरण-भात. आत्ता ताटाभोवती इतका भात सांडलाय की आजींना फोटो पाठवावासा वाटतो.

घाईत_आहे

सगळे प्रतिसाद वाचलेले नाहीत. काळीज म्हणजे हृदय, साधी गोष्ट आहे. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

खलबत्ता

काही नाही. रविवारी अकराला या, वाटण वाटायला माणूस हवाय.